उंडीखाली थांबणारी गाडी

आमच्या घरमालकांच्या तोंडात कायम एक काठी असे. विडी नव्हे, दातकोरणं नव्हे, चांगली हातभर लांबीची शिसवी काठी. तिचं एक टोक दातांत धरायचं आणि दुसरं समोरच्या वस्तूला टेकवायचं, की त्यांना त्या वस्तूच्या पोटातलं ऐकू येई. मी मालवणच्या शाळेत गणित शिकवायला रुजू झाले आणि खोली बघायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते पडवीतल्या लंबकाच्या घड्याळाला काठी लावून, डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, काहीतरी पूजाअर्चा चालली आहे. मी चपला काढून गुपचूप उभी राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितलं, "लंगडता मेला! उजव्या पायान लंगडता!"

म्हणजे घड्याळ.

काकांची, मी त्यांना पहिल्या दिवसापासून काकाच म्हणू लागले, उमेदीची सगळी वर्षं परदेशी मालबोटींच्या इंजिनखोलीत गेली होती. एका बोटीवर वाफेचा नळ फुटला आणि त्यात दोन्ही कानांचे पडदे गेले. तिथल्या डॉक्टरनं तपासून जे सांगितलं ते काका आपल्या भाषेत असं सांगत, "भायलो दरवाजो बंद झालो, पण भितर माणसा जिती आसत." मग दाराऐवजी खिडकी शोधायची, एवढंच. इंजिनाचा आतला आवाज ऐकायला बोटीवरची माणसं सळई टेकवून कानाला लावतात. काकांनी सळईच्या जागी काठी घेतली आणि कानाच्या जागी दात. नोकरी सुटली, ते घरी आले आणि त्या काठीनं त्यांनी सगळं मालवण ऐकायला सुरुवात केली.

विहिरीचा रहाट कुठे कुरकुरतो, माडाच्या खोडात भुंगा शिरला आहे की नाही, फणस पिकायला किती अवकाश आहे, सगळं काठीवर. लोक शिलाई मशीन घेऊन येत, रेडिओ घेऊन येत. एकदा एक बाई रडणारं मूल घेऊन आली होती, तिला मात्र त्यांनी डॉक्टरकडे पाठवलं. चुलीवरच्या भाताच्या टोपालाही ते काठी लावत आणि "अजून दोन उकळये होये!" असं ओरडून काकींना सांगत. भात बरोबर तसाच होई. काकींना याचा भारी राग येई. जन्मभर भात रांधलेल्या बाईला असं कोणी सांगितलं तर येणारच.

दात हेच कान झाल्यामुळे दातांची बडदास्त विचारू नका. सुपारी वर्ज्य, चणे वर्ज्य. उजव्या बाजूच्या दातांना ते राखुंडी लावत आणि डाव्या बाजूच्या दातांना दुकानातली पावडर. कुठली बरी ते ठरवायचं होतं म्हणून. मी तिथे राहायला गेले तेव्हा हा प्रयोग चालू होता, आणि खोली सोडली तेव्हाही चालूच होता.

हा त्यांचा दुसरा वेडेपणा. कुठलीही गोष्ट दुसऱ्याच्या सांगण्यावरून ठरवायची नाही आणि आपल्या मनानंही ठरवायची नाही. "दोनय करून बघूया," हे त्यांचं ब्रीद. माझ्यासाठी त्यांच्याकडे दोन खोल्या होत्या. मी म्हटलं, रस्त्याकडची द्या. "ह्या खोलयेत निजा, मगे त्या खोलयेत निजा, मगे सांगा बाईनु!" मला दोन्हींत झोपवल्याशिवाय त्यांनी भाडंच ठरवलं नाही. मी गणिताची. एका उदाहरणाला एक उत्तर आणि तेही चटकन, असा माझा खाक्या. सुरुवातीला मला या माणसाचा असा काही वैताग येई की जामसंड्याला घरी गेले की मी त्यांची नक्कल करून दाखवी. पण एक मान्य केलं पाहिजे. दोन्ही करून पाहिल्यावर काका जे ठरवत, ते कधी बदलावं लागलं नाही. मी मागितलेली रस्त्याकडची खोली दुपारी भट्टीसारखी तापायची. मी मुकाट्यानं मागची घेतली.

आता काकी. अंगानं किरकोळ, आवाजानं मऊ आणि बोलण्यात सुरी. संधिवातानं त्यांचे गुडघे पार धरले होते. मान आखडलेली. आत-बाहेर करायचं ते भिंत धरून, आणि बेड्याबाहेर, म्हणजे अंगणाच्या फाटकाबाहेर, तर पाऊल नाही. काकांशी सगळे ओरडून बोलत. मीही बोले, शाळेत ती सवय होतेच. काकी ओरडत नसत. "नवऱ्याक बोंब मारून हाक मारूक माझ्या आवशीन शिकवल्यान नाय," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. त्या आपल्या साध्या आवाजात, "आयकलात?" अशी सुरुवात करून नवऱ्याशी बोलत. "आयकलात? आज नारळ उतरवूक हवेत." "आयकलात? माझ्या भावाकडसून कोण इलाच नाय." त्याला उत्तर येत नसे, काकी थांबतही नसत. लग्न झाल्यापासून नवरा बोटीवर, बोटीवरून आला तो हा असा. बोलणं असं साठून राहिलेलं की उत्तराची वाट बघायला त्यांना सवड नसावी.

मी एकदा भोळेपणानं विचारलं, "काकी, काका तुम्हाला काठी लावून का नाही ऐकत?"

"लावल्यानी एकदा!" काकींचे डोळे अजून पेटले. "बोटीवरसून इले त्याच दिसा. माझ्या हनवटेक! मी सांगलंय, माका दांडको लावतास? मी काय बॉयलर आसंय?"

त्यानंतर काकांनी काठी त्यांच्या वाऱ्यालाही नेली नव्हती.

काकींचा जीव अडकला होता तो मासळीत. मालवणातली बाई, रापणीच्या वाळूत वाढलेली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं लांबलचक जाळं. ते वर आलं की तिथल्या तिथे, फडफडता मासा कल्ले उचलून बघायचा आणि घासाघीस करून घ्यायचा, हे काकींचं पाय जाईपर्यंतचं रोजचं काम. काम कसलं, तो त्यांचा मानच होता. त्यांच्यापुढे शिळा मासा ठेवायची कुणाची टाप नव्हती, म्हणे. आता मासे काका आणत. आणि मासा काही काठीतून बोलत नाही, त्यामुळे काकांना जे मिळे ते असं असे की काकी टोपलीत बघून नुसता उसासा टाकत. एकदा त्या मला म्हणाल्या, "चेडवा, माका दुसरा काय नको. एकदा रापणीर जाऊन माझ्या हातान मासो घेवचो आसा." हे बोलताना त्या रडल्या नाहीत. बांगडा साफ करत होत्या, तो करतच राहिल्या.

हे काकांना मी ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी घरात सुतार आला.

काकींना रापणीवर नेणारी गाडी बनवायची होती. त्या गाडीचा उगम सांगायचा तर थेट अमेरिकेत जावं लागेल. तिकडच्या कुठल्याशा बंदरात बोट बरेच दिवस अडकली असताना काका फिरत फिरत एका हिरव्यागार मैदानापाशी गेले होते. "थय साहेब लोक काठयेन चेंडू मारतत," ते सांगत, "आणि बारक्या गाडयेत बसान चेंडवामागसून जातत!"

"आणि चेंडू गावलो काय घराक जातत?" काकींनी मला विचारलं. मी ते काकांना ओरडून विचारलं.

"नाय! परत मारतत!"

"मगे मारूकच कित्याक व्हयो?" काकी म्हणाल्या, आणि हा प्रश्न मी पुढे पोचवला नाही.

काकांना चेंडूत रस नव्हताच. त्यांनी गाड्या बघून ठेवल्या होत्या. एक पेट्रोलवर चालणारी, एक बॅटरीवर चालणारी. कुठली चांगली यावर दोन साहेब तिथेच हमरीतुमरीवर आले होते. ते भांडण मिटण्याआधीच बोट सुटली, आणि तो निकाल न लागलेला प्रश्न काका इतक्या वर्षांनी मालवणात घेऊन आले.

फणसाच्या लाकडाचा सांगाडा झाला. त्यावर पुढे काकींची उंच पाठीची लाकडी खुर्ची पक्की बसवली. मागे काकांना बसायला फळी आणि हातात सुकाणू, होडीवर तांडेलाच्या हाती असतं तसं. चाकांना लॉरीच्या टायरचं रबर. राहता राहिला प्रश्न, ही ओढायची कशानं? एका बागायतदाराच्या विहिरीवरलं जुनं इंजिन काकांच्याकडे होतं. ते मोडीत निघालेलं, काकांनी जिवंत केलेलं. दुसरीकडे भंगारातली एक मोटर आणि लॉरीच्या बॅटऱ्या.

बाजारात दोन तट पडले. रेडिओच्या बॅटऱ्या चार्ज करून देणारा दुकानदार बॅटरीच्या बाजूचा. "आवाज नाय, धूर नाय, काकी बसतली ती देवी पालखीत बसल्यासारखी," असं त्याचं म्हणणं. त्यात थोडं गिऱ्हाईकही दिसत असणार. बसचा एक ड्रायव्हर, तो चहाला तिथेच टेकायचा, तो इंजिनाचा. "बॅटरी मधीच मरता काका! मगे काकीक काय उचलून आणतलास? इंजिनात तेल ओता, ता गोव्यापर्यंत जाता!" लोक शाळा सुटल्यावर मलाही अडवून विचारत, बाई, तुमचं गणित काय म्हणतं? मी इंजिन म्हणाले. सरळ हिशोब होता.

आणि सगळ्यांना ठाऊक होतं की काकाही शेवटी इंजिनच म्हणणार. कारण ते इंजिन सुरू केलं की काकांचा चेहरा बदले. कुणी ओरडल्याशिवाय आणि काठी न लावता त्यांना ऐकू येई असं जगात तेवढंच एक उरलं होतं. त्याची धडधड पायांतून, छातीतून त्यांच्या आत जाई. ते त्याच्याजवळ उभे राहत आणि हसत. "ह्या माझ्यावांगडा बोलता बाईनु!" ते मला म्हणाले होते, आणि त्यांना मी असं आनंदानं बोलताना क्वचितच ऐकलं. एकटं पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. घरी त्यांची नक्कल करणं मी तेव्हापासून बंद केलं.

पण दोन्ही करून बघायचंच होतं. नारळी पौर्णिमा होऊन रापणी सुरू झाल्या आणि एका सकाळी इंजिन बसवलेली गाडी बेड्याबाहेर पडली. दोरी गुंडाळून काकांनी हिसका दिला, धूर झाला, माडावरचे कावळे उडाले, आणि गाडी निघाली. मी बरोबर चालत होते. काकी ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर टोपली धरून बसल्या होत्या आणि त्यांचा सारा देह थडथडत होता. गुडघ्यांना काय होत असेल ते त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. पण समोर माडांच्या मधून समुद्र आणि किल्ल्याचा तट दिसायला लागला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेले नाही.

जिथे पाणंद संपून वाळू लागते तिथे गाडी थांबली. रापण नुकतीच वर आली होती. ओळखीच्या मासेवाल्या धावत आल्या, काकी इली, काकी इली. काकींनी पहिल्याच टोपलीतला सौंदाळा उचलला, कल्ला वर केला, आणि भाव करायला तोंड उघडलं.

काही ऐकूच येईना. काका इंजिन बंद करायला तयार नव्हते. तापलेलं इंजिन बंद केलं तर परत लवकर सुरू होत नसे. ते मागे फळीवर बसून आनंदात डोलत होते. काकींनी बोटं दाखवली. मासेवालीनं बोटं दाखवली. काकी काहीतरी तिखट म्हणाल्या असणार, मासेवाली हात कानाशी नेऊन ओरडली, "काय्येक आयकाक येना नाय गो काकी!" दोनदा, तीनदा असं झालं. शेवटी त्या बाईला त्यांची दया आली. तिनं ओंजळभर सौंदाळे काकींच्या टोपलीत टाकले, पैशांना नको असा हात केला आणि गेली.

फुकट. सगळ्या रापणीसमोर. आजारी बाईला दिल्यासारखे.

चूक कोणाचीच नव्हती, म्हणून राग कोणावर काढताही येईना. घरी येऊन काकींनी ते मासे मांजराला घातले, एकूण एक. आणि त्यानंतर त्या गप्प झाल्या. माझ्याशी कामापुरतं बोलत. काकांशी अवाक्षर नाही. "आयकलात?" घरातून नाहीसं झालं.

माझ्या मनात आलं, बहिऱ्या माणसाशी अबोला धरून काय उपयोग, त्याला पत्ताही लागायचा नाही. तर एक दिवस काका माझ्या खोलीच्या दारात आले. काठी हातात, तोंडात नाही. "बाईनु, ही बोलणा नाय मा?"

मी चाट पडले. "तुम्हाला कसं कळलं?" मी ओरडले.

"तिचे ओठ हलनत नाय," काका म्हणाले. ओरडूनच म्हणाले, त्यांना दुसरं कुठे येत होतं. "आधी हलत. शबुद कळनत नाय, पण पयलो शबुद कळता. तो एकच. कितीय वर्सा बघतंय."

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस ते "आयकलात?" बघत आला होता. काय पुढे येतं ते कधीच न कळता. 

काकांनी इंजिन उतरवलं आणि मोटर बसवली. दिवाळी होऊन गेली होती. या वेळी काकी बसायलाच तयार नव्हत्या. मी विनवलं, मग "तुझ्यासाठी" म्हणून बसल्या. बॅटरीची गाडी निघाली ती कुत्र्यालाही कळली नाही. नुसती चाकाखालची पानं चुरचुरत होती. वाटेत दगडी गडग्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मागे वळून बघितलं आणि दचकून हात जोडले. काकींचं अंग हलत नव्हतं. वाळूपाशी पोचलो तर तीच मासेवाली पुढे आली, आणि मग मात्र मी ऐकलं. काय त्या बोलल्या! माशाच्या डोळ्यावरून सुरुवात केली, कल्ल्यावर आल्या, तिच्या सासूपर्यंत पोचल्या. मासेवालीही काही कमी नव्हती. दोघी मनसोक्त भांडल्या. बघायला माणसं जमली. शेवटी काकींनी आपण ठरवलेल्या भावानं, आपल्या हातानं, मोजून पैसे देऊन सौंदाळे घेतले. मासेवाली पदरानं घाम पुसत म्हणाली, "काकी, तू नाय होतंस तेवा बरा होता गो!" यापेक्षा मोठी शाबासकी काकींना कोणी दिली नसती.

परत येताना अर्ध्या वाटेवर, जिथे रस्त्यावर उंडीचं मोठं झाड वाकलं आहे, तिथे गाडी मंदावली आणि थांबली. बॅटरी संपली. ड्रायव्हर म्हणाला होता तेच झालं. मी मनात म्हटलं, लागला निकाल. काका म्हणाले, बॅटरीला थोडा दम खाऊ दिला तर घरापर्यंत नेईल. आणि सवयीनं, सांगाडा कुठे ढिला झाला आहे का ते बघायला, त्यांनी काठी दातांत धरली आणि दुसरं टोक समोरच्या खुर्चीच्या पाठीला टेकवलं.

काकी त्याच पाठीला डोकं टेकून बसल्या होत्या. सावली होती. मासे ताजे मिळाले होते. मनावरचं ओझं उतरलं की माणूस जुन्या सवयीवर येतो. इतक्या दिवसांनी, त्यांच्या त्या मऊ आवाजात, समोर बघत त्या म्हणाल्या, "आयकलात? सौंदाळे बरे गावले. पण शेवटाक तिणा एक जुनो घातल्यान."

"मगे परत कित्याक नाय दिलंस?"

काकांना हळू बोलता येतं हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. काकींची मान वळत नव्हती. त्यांनी नुसते डोळे माझ्याकडे वळवले. "कोण बोलला गो?"

"काका," मी म्हटलं.

मागे काका काठी दातांत धरून, डोळे मिटून. घड्याळ ऐकताना जसे उभे असत तसे. काकींनी मांडीवरची टोपली घट्ट धरली आणि अगदी पुटपुटल्यासारखं विचारलं, "आयकलात?"

"आयकतंय."

मी पुढे चालू लागले. पुढचं ऐकायचा मला हक्क नव्हता. वळणावर पोचल्यावर मागे बघितलं तर काकी बोलत होत्या, हातवारे करून बोलत होत्या, आणि काका मान हलवत होते. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ थोरामोठ्यांना हार घातलेले पाहिले. पण मान झुकवावीशी वाटली ती त्या दोघांकडे बघून, त्या मोडक्या गाडीवर.

काठीबद्दल मात्र काकींनी मला बजावलं, "खुर्चयेक लावल्यानी तो लावल्यानी. माका नाय लावूक." पडतं घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

काकांनी बाजारात जाऊन जाहीर केलं, बॅटरी. चहावाल्याकडे एकच गिल्ला झाला. ड्रायव्हर तर हात जोडून म्हणाला, "काका, पण ती वाटेत बंद पडता!"

"पडता," काका म्हणाले. "म्हणानच."

म्हातारा कामातनं गेला, असं सगळ्यांनी ठरवलं. इंजिन काकांनी टाकलं नाही. आंब्याखाली चौथरा बांधून त्यावर बसवलं आणि त्यावर बॅटऱ्या चार्ज होऊ लागल्या. "ह्याकाय पेन्शनीत बसवलंय," असं ते त्याच्यावर हात फिरवत म्हणत. त्याचं बोलणं ऐकायला ते अजूनही थोडा वेळ त्याच्याजवळ उभे राहत, पण पूर्वीसारखे रेंगाळत नसत.

काकी रोज रापणीवर जाऊ लागल्या. गाडी रोज जाताना नीट जाई आणि परतताना उंडीखाली थांबे. लोकांनी ढकलायला म्हणून हात लावला की काका त्यांना हाकलून देत. पुढे काकांचा समोरचा एक दात पडला, तेव्हा त्यांनी काठी बाजूच्या दातांत घेतली आणि माझ्यादेखत ती पुन्हा खुर्चीला लावून बघितली. ऐकू आलं, तेव्हाच जेवायला बसले.

मी गणिताची. माझ्या डोक्यातून ते जाईना. इंजिन रोज सकाळी किती वेळ चालतं आणि गाडी कुठे थांबते, हे मी बघत होते. बॅटरी कधी पुरती भरतच नव्हती. इंजिन आणखी थोडं चालवलं तर गाडी सरळ बेड्यात येईल, हे पाचवीतल्या मुलानंही सांगितलं असतं. एका सकाळी मी काकींना तसं म्हटलं. त्या पायरीवर टोपली धुवत होत्या. मी म्हटलं, काकांच्या लक्षात आलेलं दिसत नाही, मी सांगते त्यांना.

"गप ऱ्हव गो चेडवा," काकी म्हणाल्या. "मीच सांगलंय तेंका इंजीन लवकर बंद करूक. गाडी सगळी वाट चलली तर आमी बोलतलंव खंय?"

आंब्याखाली धडधड थांबली होती. काका चौथऱ्यावर बसून, पंच्याच्या टोकानं काठी पुसत होते.